ओला कागद

अंजूचे शब्द गेले ते ऑगस्टमध्ये, भर वर्गात. नववीच्या मुलींना ती मराठीचा धडा समजावून सांगत होती. हातातला खडू निसटला म्हणून ती वाकली आणि उठून पुन्हा बोलू लागली. आपण नीटच बोलतो आहोत असं तिला वाटत होतं. पण पहिल्या बाकावरची मुलगी एकदम रडायला लागली, आणि मागचं कुणीतरी दुसऱ्या शिक्षिकांना बोलवायला धावलं.

पुलगावहून तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा हात आणि पाय कमजोर झाले, तेही हळूहळू हलू लागले. बोलणं मात्र विस्कटलेलं राहिलं. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, राकेशला, समजावून सांगितलं की तिला सगळं कळतं, आठवतं, फक्त हवा तो शब्द जागेवर सापडत नाही. कधी सापडेल, किती सापडतील, हे कुणालाच सांगता येत नाही.

राकेश दारूगोळ्याच्या डेपोत कारकून होता, मितभाषी माणूस. घरात बोलणारी ती आणि ऐकणारा तो, असंच लग्नापासून चाललं होतं. शाळेत शिकवणारी अंजू कथा लिहायची. दोन संग्रह निघाले होते, दिवाळी अंकांत नाव असायचं. राकेश ते अंक कपाटात नीट लावून ठेवायचा, पण वाचायचा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "मले त्यातलं काई समजत नाई."

गेली काही वर्षं अंजू एक कादंबरी लिहीत होती, तिच्या मायवर. माय पुलगावच्या कापड मिलमध्ये सुताच्या कांड्या भरायची. तिला जाऊन बराच काळ झाला होता. अंजूने कितीदा तरी सुरुवात केली, कितीदा पानं बदलली. भाषा छान उतरायची, पण माय काही त्या पानांत उठून उभी राहत नव्हती. शेवटी तो कागदांचा गठ्ठा तिने कपाटात टाकला होता. आता तर शब्दच गेले.

घरी आल्यावरचे दिवस विचित्र होते, पण अंजूला ते सगळे दुःखाचे वाटले नाहीत. दुपारी ती पलंगावर पडून असायची. भिंतीवर उन्हाचा तुकडा सरकत जायचा. त्याला काय म्हणतात ते आठवायचं नाही, म्हणून ती नुसती त्याच्याकडे बघत राहायची, आणि तो इतका पिवळा, इतका जवळचा दिसायचा की जणू आजवर कधी पाहिलाच नव्हता. स्टेशनवरून मालगाडी जायची तेव्हा तिच्या धडधडण्याने फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. सगळ्या वस्तूंची नावं गळून पडली होती, आणि नावांवाचून त्या पाण्याखाली ठेवल्यासारख्या हलक्या हलक्या डोलत होत्या. ती हात लांब करायची, शब्द उचलायची, आणि वर आणल्यावर तो भलताच निघायचा.

चहा हवा असला की ती "खिडकी" म्हणायची. पहिल्यांदा राकेशने खिडकी उघडली. तिने मान हलवली तेव्हा त्याने ती बंद केली. पुढे त्याच्या लक्षात आलं. मग ती "खिडकी" म्हणाली की तो आधी खिडकी उघडायचा आणि नंतर चहा ठेवायचा. दोन्ही केलेलं बरं, असं त्याला वाटायचं.

व्यायामासाठी तिला रबरी चेंडू दिला होता. तो तिने दाबला नाही. बोलण्याचे धडे घ्यायला जायची तिथे गाय, केळं, छत्री अशी चित्रं दाखवायचे. मराठीच्या बाईंना छत्रीचं चित्र. ती ते पालथं ठेवायची. नागपूरला नोकरी करणारी तिची मुलगी काजल दर रविवारी यायची आणि आईला हसवायचा प्रयत्न करायची. जाताना दारात वडिलांना हळूच विचारायची की काही फरक पडतोय का. राकेश तिची बॅग उचलून फाटकापर्यंत जायचा.

दिवाळीनंतर शेजारच्या आनंदाबाई मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन आल्या. त्या अंजूच्या मायसोबत मिलमध्ये होत्या, आता सुनेच्या घरी राहत होत्या. चिवडा एका जुन्या टोपलीत होता. टोपली बांबूची नव्हती. कागदाचा लगदा थापून केलेली, राखाडी, काठाला किंचित वाकडी.

"तुह्या मायनं बनवून देल्ली होती मले," आनंदाबाई म्हणाल्या. "अजून कीड लागली नाई पाह्य तिले."

चिवडा ताटात काढून झाल्यावर अंजूने टोपली हातात घेतली, नाकाशी नेली. आत खोलवर मेथीचा कडसर वास होता. तिने आनंदाबाईंचा हात धरला आणि काहीतरी बोलली. शब्द चुकीचेच आले, पण त्यांना कळलं. टोपली तिच्याजवळच ठेवून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी राकेश डेपोतून आला तेव्हा अंजूने वर्तमानपत्रांची रद्दी खोलीच्या मध्यभागी ओढून आणली होती. एका हाताने कागद फाडत होती. तिने टोपली दाखवली, मग बादली, मग नळ. राकेशने काही न विचारता बादली भरून दिली.

कागद काही दिवस भिजले. अंगणात, तुळशी-झेंडूच्या कुंड्यांमागे ती बादली असायची आणि अंजू दिवसातून अनेकदा तिच्यात हात घालून बघायची. कागद मऊ झाले तसे राकेशने ते कुटून दिले. कीड लागू नये म्हणून मेथ्या भिजवून वाटल्या आणि त्यात घातल्या. पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं पसरलं, आणि अंजू लगदा थापायला बसली. डावा हात लवकर शिकला. उजवा मागे मागे राहायचा. पहिली टोपली पातेल्यावरून काढताना फाटली. दुसरी उन्हात ठेवली तर तिला भेगा गेल्या. तेव्हा तिला आठवलं की माय टोपल्या आधी सावलीत सुकवायची, ऊन मागाहून दाखवायची. हे तिला शब्दांत आठवलं नाही. न्हाणीघराच्या भिंतीशी ओळीने पालथी घातलेली पातेली दिसली, आणि त्यांच्यापासून कोंबडी हाकलणारी माय दिसली. तिसरी टोपली तिने उचलून भिंतीशी ठेवली.

त्या दिवसांत कापूस बाजारात येत होता. गाड्या भरून जायच्या आणि मागे हवेत पांढरे पुंजके तरंगत राहायचे. अंगणातही यायचे. कधी एखादा ओल्या टोपलीवर बसायचा आणि अंजू तो तसाच आत थापून टाकायची.

लवकरच घरातली रद्दी संपली. शेजारपाजारची संपली. एका सुटीच्या दुपारी राकेश बाहेर आला तर अंजू बादलीजवळ बसली होती आणि तिच्या मांडीवर कादंबरीच्या कागदांचा गठ्ठा होता. वरची पानं पाण्यात गेलीही होती. छापलेली अक्षरं पाण्यात तशीच टिकून होती, पण तिने पेनाने केलेल्या दुरुस्त्या सुटून पाणी निळं होत चाललं होतं.

राकेश पटकन तिच्याजवळ गेला. त्याने तिच्या हातून गठ्ठा काढून घ्यायला हात पुढे केला, पण तिने तो घट्ट धरला. तिच्या चेहऱ्यावर भ्रम नव्हता. वर्गात मुलींनी गोंधळ केला की ती जशी बघायची, तशी ती त्याच्याकडे बघत होती. मग त्याने काजलला फोन लावला. काजल म्हणाली की लॅपटॉपमध्ये सगळं आहे, काही जात नाही, आईला जे करायचं ते करू दे. राकेशने ते अंजूला सांगितलं. तिने माशी वारावी तसा हात हलवला. लॅपटॉपमधलं राहिलं काय आणि गेलं काय, तिला पर्वा नव्हती.

तो तिच्यासमोर बसला. फाडायला निम्मी पानं त्याने घेतली. पण बायकोने लिहिलेलं न वाचता फाडायला त्याचा हात धजेना. म्हणून तो एकेक पान मोठ्याने वाचून मग फाडू लागला. पानं उलटसुलट झाली होती. कुठे मिलचा भोंगा, कुठे नदीचा पूर, कुठे शाळेचा पहिला दिवस. राकेश अडखळत वाचायचा, डेपोतली परिपत्रकं वाचावीत तसा. अंजू ऐकत होती. ती वाक्यं आपली आहेत हे तिला माहीत होतं, पण ती दुसऱ्याच कुणा बाईच्या अंगावरच्या दागिन्यांसारखी वाटत होती.

एका पानावर त्याने वाचलं, "मिलची पाळी सुटली की माय उंबऱ्यावर येऊन बसे. तिच्या थकलेल्या चेहऱ्यावर साऱ्या जगाचं दुःख साचलेलं असे."

"खोटं," अंजू म्हणाली.

राकेशने मान वर केली. ऑगस्टपासून तिच्या तोंडून जागेवर पडलेला तो पहिला शब्द होता.

"काय म्हटलं तू?"

"खोटं."

"काऊन? माय उंबऱ्यावर बसत नव्हती?"

तिने जोरात मान हलवली. दोन्ही हात लगद्यात घालून त्याचा गोळा पातेल्यावर आपटला आणि थापू लागली, थप थप, डावा आणि त्याच्यामागून उजवा. मग गाल फुगवले, खांदे हलवले.

राकेशने हातातलं पान खाली ठेवलं. "हासत होती?" त्याने विचारलं.

अंजूचे डोळे भरून आले. तिने मान डोलावली.

तिला सगळं दिसत होतं. माय मिलमधून यायची ती केसांत कापसाचे तंतू घेऊन. चहाही घ्यायची नाही, आधी लुगडं खोचून बादलीशी बसायची. दिवसभर ज्या हातांनी मशीनच्या चालीने कांड्या भरल्या ते हात आता स्वतःच्या चालीने चालायचे. शेजारणी यायच्या, माय कुणाची तरी नक्कल करायची आणि सगळ्या हसत सुटायच्या. लहानग्या अंजूला ती लगद्याचा एक छोटा गोळा द्यायची. दमलेली तर ती होतीच, पण दमलेलं माणूस संध्याकाळी हे असंही असू शकतं, हे अंजूने एका पानावरही लिहिलं नव्हतं. चांगल्या कथेतली गिरणी कामगार बाई जशी असावी असं तिला वाटत होतं, तशी तिने माय केली होती.

त्या दुपारी राकेश वाचत गेला आणि ती सांगत गेली. बऱ्याच पानांना ती खोटं म्हणाली. काही पानांना गप्प राहिली. सगळी पानं शेवटी पाण्यात गेली.

त्यानंतर अंजू रोज दुपारी थापायला बसू लागली आणि शब्द येऊ लागले. मुद्दाम आठवायला गेलं की ते पळायचे. पण हात कामात असले, नजर काठाच्या जाडीवर असली, की एखादा आपणहून जवळ येऊन बसायचा. आधी पाणी, फडकं, काठ असे हाताशी असलेले आले. मग कोंबडी आली. मग आनंदाबाईंच्या जुन्या मैत्रिणीचं नाव आलं, जे अंजू शब्द शाबूत असतानाही विसरली होती. कधीकधी दोन शब्द एकमेकांना धरून यायचे आणि ती थबकायची, कारण ते तिने आजवर शेजारी ठेवलेच नव्हते.

एका संध्याकाळी हात धुऊन तिने डाव्या हाताने पाटीवर लिहिलं, "माय आली. केसांत कापूस." अक्षरं पहिलीतल्या पोरीसारखी होती. राकेशने ती वाचली आणि विचारलं, "मंग?"

तो "मंग?" पुढे सबंध हिवाळाभर चालला. ती थापता थापता एखादं वाक्य बोलायची, तो लिहून घ्यायचा. चुकीचा शब्द आला तर दोघं मिळून बरोबर शब्द हुडकायचे. एखादा चुकीचा शब्द तिला आवडायचा आणि ती तो राहू द्यायची. तिची वाक्यं आता आखूड होती. पूर्वी ती एका वाक्यात तीन उपमा घालायची. आता एका उपमेपर्यंत पोचायलाच दुपार जायची, आणि तिथवर गेल्यावर बहुतेक वेळा तिची गरज उरलेली नसायची. शिकवणं आता जमणार नाही हे तिला कळलं होतं. शाळेत जाऊन तिने सेवानिवृत्तीच्या कागदावर डाव्या हाताने सही केली, आणि त्या दिवशी घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पण बादलीत कागद भिजलेले होते, आणि ते फार दिवस ठेवले तर वास मारतात.

उन्हाळा लागता लागता पुस्तक झालं. आधीच्या गठ्ठ्याच्या चौथाईएवढंही नव्हतं. काजलने ते टाइप केलं आणि नागपूरच्या प्रकाशकाला पाठवलं. आईला मात्र तिने एवढंच सांगितलं, "आजीले मी आता ओळखते." ती जन्मली तेव्हा आजी नव्हती.

प्रकाशकाचा फोन आला तेव्हा अंजू एका मोठ्या टोपलीचा तळ थापत होती. राकेश फोन घेऊन बाहेर आला. साहेबांना पुस्तक फार आवडलं आहे, त्यांना तुझ्याशी बोलायचं आहे, असं त्याने सांगितलं.

"मंग बोलते म्हणा," अंजू म्हणाली. "आता ओलं हाये."

राकेशने तसं सांगून फोन ठेवला आणि टोपलीच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. त्यालाही आता काठ धरता येत होता. दोघं मिळून थापू लागले. मालगाडी जाऊन आवाज दूर गेला. मग अंजूने हळू आवाजात एक वाक्य म्हटलं, पुस्तकात नसलेलं, एका कुठल्याशा मुलीचं, जी नदीपलीकडच्या शेतात एकटीच उभी होती. राकेशने ती कोण म्हणून विचारलं. अंजूला अजून माहीत नव्हतं. तो वही आणायला उठू लागला, तर तिने ओल्या हाताने त्याला खाली बसवलं, आणि काठ पातळ करत ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.