टंगस्टनच्या टोकाला कुंकू

“अहो, थांबा! पूजेआधी बटण दाबायचं नाही,” म्हणत वसुमतीबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन मोटारीच्या शेडमध्ये शिरल्या. मोटार विकून झाली होती. तिच्या जागी नवरोबांचं नवंकोरं टिग वेल्डिंगचं यंत्र बसलं होतं.

नरसिंहराव बाजूला झाले. त्यांचं सगळं आयुष्य यंत्रांच्या कारखान्यात गेलं, पण हिशेब खात्यात. यंत्राला हात लावायची मुभा वर्षातून एकदा, आयुधपूजेला, तीही फूल वाहण्यापुरती. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बनशंकरी भागातली माणसं सकाळी फिरायला जातात. हे फोनवर वेल्डिंग बघत बसले. एकदा तरी लोखंडाला लोखंड आपल्या हाताने जोडायचं, एवढंच मागणं. आणि घाई होती. उजवा हात थरथरू लागला होता. हे थांबायचं नाही, वाढतच जाईल, असं डॉक्टरांनी गोड हसून सांगितलं होतं. घरी ही बातमी त्यांनी दिली नव्हती.

बाईंनी यंत्राला कुंकू लावलं, आर्गॉन वायूच्या सिलिंडरला लावलं, जोडायच्या दोन पत्र्यांना लावलं. मग वेल्डिंगच्या टॉर्चच्या तोंडातली टंगस्टनची सुई दिसली. मुख्य देवता हीच असणार, म्हणून तिला हळद आणि कुंकू दोन्ही मिळालं.

“आता बाहेर जा. उजेड डोळ्यांना वाईट.”

नरसिंहरावांनी मुखवटा ओढला, पायाखालचं पेडल दाबलं. तडतड झाली, हिरवट जाळ उठला, पत्र्यावर काजळी धरली. पुन्हा दाबलं. पुन्हा काजळी. मुखवटा वर करून ते उजव्या हाताकडे बघत बसले. म्हणजे उशीर झालाच तर.

“काय झालं?” दारातून आवाज आला.

“काही नाही. परत करू हे. माझा हात...”

“हाताचं मला ठाऊक आहे. दूध महागलं म्हणून अर्धा कप चहा देते होय मी? पण हात हलला तर रेघ वाकडी यावी. काजळी कशी येईल? नीट बघा तरी.”

त्यांनी बघितलं. सुईच्या टोकावर कुंकू जळून बसलं होतं. टोकाला तेलाचं बोटसुद्धा लागू देऊ नका, असं फोनवरचा प्रत्येक माणूस बजावत होता. पण त्यातल्या एकाच्याही घरी वसुमती नव्हती.

“पुसू का? देवाचं आहे...”

“पुसा. सिलिंडरवरचं राहू दे. तेवढं सरी, पुरे झालं.”

टोक घासून झालं, पत्रे पुसून झाले. पेडल दाबलं.

तडतड नाही, ठिणगी नाही, धूर नाही. काळ्या काचेपलीकडे निळसर उजेडाचा शंकू उभा राहिला आणि त्याच्या पायाशी लोखंडाचं पाणी झालं. मुगाएवढं तळं, लखलखतं, श्वास घेतल्यासारखं हलतं. ज्या लोखंडाची त्यांनी जन्मभर टनांत बेरीज केली, ते इतकं हळुवार वितळतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग हात थरथरला. तळं भरकटलं. उजेड विझला.

बाई आत आल्या. मुखवटा एकच होता. त्यांनी टेबलाकडे पाठ केली, डोळे मिटले, वरून पदर ओढून घेतला आणि मागे हात करून नवऱ्याचं कोपर घट्ट धरलं.

“हं. करा.”

तळं सरळ सरकू लागलं. पत्र्यांमधली फट मिटत चालली.

“काय दिसतं हो?”

नरसिंहरावांनी तळ्यावरची नजर हलवली नाही.

“स्वल्प थांब, वसू.”

“थांबलेच आहे,” भिंतीकडे तोंड करून बाई म्हणाल्या, आणि कोपर आणखी घट्ट धरलं.