पैकीच्या पैकी

इंदिराबाई निवृत्त झाल्या तेव्हा नाशिकच्या निम्म्या बारावीनं सुटकेचा निःश्वास सोडला. जीवशास्त्राचे पेपर तपासताना तेहेतीस वर्षांत त्यांनी दया कधी दाखवली नव्हती. विहंग नावाच्या एका मुलानं पूर्वपरीक्षेत फेरतपासणी मागितली, तेव्हा बाईंनी पेपर न उघडताच शेरा मारला होता, 'गुणांत बदल नाही.'

त्याच विहंगनं आता त्यांच्या हाती पुन्हा लाल पेन दिलं. त्याची कंपनी शेतकऱ्यांना मोबाइलवर सल्ला देणार होती आणि त्यासाठी दोन एआय मॉडेलं रांगेत उभी होती. जीवशास्त्र जास्त कुणाला येतं ते बाईंनी ठरवायचं. जिंकेल ते थेट शेतात. बाईंना आनंदच झाला, कारण धाकटे भाऊ खंडेराव यांची पिंपळगावला द्राक्षबाग होती आणि त्या बागेवर बाईंचा भारी जीव.

तपासणी अर्थात बोर्डाच्या शिस्तीनं. मुद्द्याला अर्धा गुण, मथळ्याखाली रेघ असली की बाई खूश. एक प्रश्न होता, 'द्राक्षाची पानं पिवळी पडताहेत, रोग कोणता?' पहिल्यानं लिहिलं, 'पानं बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. खालच्या बाजूला काय दिसतंय?' परीक्षकालाच उलट प्रश्न विचारणाऱ्या या आगाऊ पोराला बाईंनी भोपळा दिला. दुसऱ्यानं छातीठोकपणे डावणी रोग ठरवून टाकला, सहा मुद्दे मांडले, वर सारांशही जोडला. त्याला पैकीच्या पैकी. शेतात तेच गेलं.

नोव्हेंबरात खंडेरावांचा फोन आला.

"ताई, तुमच्या मोबाइलनं डावणी सांगितला. चार फवारण्या केल्या, पानं लयच पिवळी झाली. बाग हातची जायची वेळ आलीय. तू तरी सांग, काय हाय हे?"

तेहेतीस वर्षं शिकवलेलं सगळं बाईंनी आठवून पाहिलं.

"खंडू, पानं बघितल्याशिवाय कसं सांगू? खालच्या बाजूला काय दिसतंय?"

म्हणून झालं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. या वाक्याला त्यांनीच भोपळा दिला होता.

"मग तुझ्यापरीस ते बरं," खंडेराव म्हणाले. "त्यानं सहा मुद्दे तरी दिले."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिंपळगावला निघण्यासाठी चप्पल घालता घालता त्यांनी विहंगला कळवलं, पहिल्या मॉडेलचा पेपर पुन्हा तपासायचा आहे, चूक माझी आहे.

एसटी सुटायच्या आत त्याचं उत्तर आलं.

'गुणांत बदल नाही, मॅडम.'