शालूबाईचं नाव

प्रसेनजित कामावर शॉक लागून गेल्यापासून इंद्रभान दर रविवारी रोहिणखेडला संजीवनीकडे यायचा. मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, प्रसेनजित इलेक्ट्रिशियन होता आणि इंद्रभान मशीन चालवायचा. येताना तो वांगी नाहीतर मेथीची जुडी आणायचा, चहा प्यायचा आणि उठता उठता हमखास विचारायचा, "वहिनी, वकिलीणबाई काय म्हन्तात?"

पहिले दोन महिने संजीवनीला त्यात वावगं वाटलं नाही. नवऱ्याचा मित्र आहे, काळजीनं विचारतो, एवढंच.

कारखान्याचा मॅनेजर चंद्रशेखर सांगत होता, की प्रसेनजितनं मेन स्विच बंद न करताच मोटार उघडली. चूक त्याचीच. संजीवनीला हे पटलं नव्हतं. घरातला साधा बल्ब बदलायचा तरी तो आधी मेन बंद करायचा.

तिनं कारखान्यावर भरपाईचा दावा लावला होता. समता वकिलीण तिला समजावून सांगायची. "ताई, कामगारांना सांभाळणं कारखान्याचं काम होतं, ते त्यांनी केलं नाही, आणि त्याच कारणानं जीव गेला, हे आपल्याला दाखवावं लागेल. शिवाय तुमचं घर त्यांच्यावर चालत होतं, हेही. लग्नाचा दाखला शोधून ठेवा."

"मी त्यायची बायको हाव, हेबी दाखवू?"

"हो. पण ते सोपं आहे. त्यांनी बंद केलेला स्विच पुन्हा कोणी चालू केला, तिथं सगळं अडलंय. पाहणारं कोणी हवं."

त्या रविवारी इंद्रभान आला. चहाचा कप त्याच्यापुढे ठेवताना संजीवनीच्या मनात आलं, हा माणूस त्या दिवशी तिथंच होता. मग प्रसेनजितबद्दल हा कधीच काऊन बोलत नाही? फक्त वकिलीणबाई काय म्हणतात, तेच विचारतो.

ती सहज बोलल्यासारखं बोलली, "भाऊजी, साक्षीदार भेटली. सरकी झाडणारी शालूबाई. तिनं सगळं पाह्यलं म्हन्ते."

खरं तर शालूबाईचं तिनं प्रसेनजितच्या तोंडून फक्त नाव ऐकलं होतं, तिच्याशी ती एक शब्दही बोलली नव्हती. इंद्रभाननं कप अर्धाच ठेवला आणि उठला.

मंगळवारी कळलं, शालूबाईला कामावरून काढलं. ही गोष्ट संजीवनीनं इंद्रभानशिवाय कोणालाच सांगितली नव्हती, अगदी समतालाही नाही. इंद्रभान इथलं सगळं चंद्रशेखरला सांगतो, हा संशय खरा ठरला होता, पण तिला जेवण गेलं नाही. आपल्या एका खोट्यापायी एका गरीब बाईची रोजी गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती मलकापूरला शालूबाईच्या दारात उभी राहिली आणि सगळं कबूल केलं.

शालूबाई भडकली. "माह्या पोटावर पाय देऊन तुले काय भेटलं वं?"

संजीवनी दारातून हलली नाही. बऱ्याच वेळानं शालूबाईनं तिला आत घेतलं.

"पाह्यलं नाही मी काही," ती म्हणाली. "पन ऐकलं. चंद्रशेखर साहेब वरडत होता, माल अडला, चालू कर बे. इंद्रभान म्हने, साहेब, प्रसेनजित मोटारीपाशी हाय. साहेब म्हने, झालं असंल त्याचं, दाब मेनचं बटन."

"कोर्टात सांगसान?"

"आता काय राह्यलं मांगं? सांगीन."

शालूबाईनं साक्ष दिली. तिच्या पाठोपाठ इंद्रभान पिंजऱ्यात आला, तेव्हा आधी म्हणाला, आठवत नाही. समतानं त्याला शालूबाईच्या साक्षीतलं त्याचं वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे तुम्ही बोललात की नाही?" शेवटी तो म्हणाला, "हाव. बोललो."

निकाल संजीवनीच्या बाजूनं लागला. मेन का बंद आहे, माणूस दूर झाला की नाही, हे न बघता मॅनेजरनं वीज सुरू करायला लावली आणि त्यातच मृत्यू झाला, असं न्यायाधीशांनी लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात इंद्रभान आडवा आला. "वहिनी, मी साहेबाले सांगतलं होतं. तुमी ऐकलं ना?"

"ऐकलं," संजीवनी म्हणाली. "मंग बटन दाबलं काऊन?"

तिनं उत्तराची थोडी वाट पाहिली, मग शालूबाईचा हात धरून पायऱ्या उतरली.