कोपऱ्यावरची चिकटपट्टी

मित्रांनो, मी एक जुना ब्राउझर आहे. एका फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर राहतो आणि फोटोवाल्या काकांना इंटरनेटवरची पाने उघडून दाखवतो. मी नवा होतो तेव्हा काका येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत, "कसा पळतो बघा!" मला फार बरे वाटे.

पुढे मला घडवणाऱ्यांनाच माझ्यात एक फट सापडली. एखादे लबाड पान उघडले, की तिच्यातून चोर थेट कॉम्प्युटरमध्ये शिरू शकत होता. त्यांनी ती बुजवणारे अपडेट लगेच पाठवले. रोज सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात चौकट दाखवून मी काकांची परवानगी मागत असे आणि काका 'नंतर' दाबत. मागच्या अपडेटने बटणांच्या जागा बदलल्या होत्या, त्यांचा सवयीचा हात कितीतरी दिवस चाचपडत होता. शेवटी वैतागून त्यांनी अल्बमची चिकटपट्टी त्या कोपऱ्यावरच डकवली. "आता कर कटकट," म्हणाले. गल्ल्यावर बसलेल्या काकूही हसल्या.

त्याच सुमारास शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी आपल्या आईचा फोटो घेऊन आल्या. एकुलता एक, ओल लागून फ्रेमच्या काचेला चिकटलेला. काकांनी तो आधी काचेसकट स्कॅन केला. मग हलक्या हाताने सोडवायला गेले, तर चेहऱ्याचा पापुद्रा सुटून त्याचा भुगा झाला. मावशींच्या डोळ्यांत पाणी आले.

"घाबरू नका, कॉम्प्युटरमध्ये आई सुखरूप आहेत," काका म्हणाले.

त्या फोटोला शोभेशी नक्षी शोधताना काकांनी एक पान उघडले. तेच लबाड निघाले. माझ्या फटीतून चोर शिरला आणि बघता बघता सगळे फोटो कुलूपबंद झाले. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. मला अजून वाईट वाटते, कारण सावध करायला माझ्याजवळ ती एक चौकटच होती.

मित्रांनो, आमची कटकट जरा ऐकून घेत जा. आम्ही राखतो ते बहुधा दुसऱ्या कुणाचे तरी असते.

आता पट्टी निघाली आहे, फटही बुजली आहे. मावशी रोज सकाळी दारातून डोकावतात.

"झाला का हो आईचा फोटो?"

काकांना खरे सांगवत नाही. मान खाली घालून ते म्हणतात, "उद्या या."

"बरं," म्हणून मावशी परत फिरतात. मीही रोज असाच परत फिरत होतो.