दाजींचा सल्ला, थोरल्याचा हात

पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला काय सांगावं, हे दाजींकडून शिकावं. स्वतः दोनदाच उडालेले, पण फोनवरच्या सूचना अशा की जणू विमान ह्यांनीच बांधलंय. तोंडात गोळी ठेवा, कानाला दडे बसत नाहीत. आधी पट्टा बांधा, मग खुशाल घाबरा. खिडकीशी बसू नका. श्वास लांब घ्या. आणि जास्तच भीती वाटली तर डोक्यावरचं बटण दाबा, बाई येते, तिला सांगा, लाजू नका. उंटावरून शेळ्या हाकायला दाजींचं काय जातं?

थोरल्याने सगळं ह्या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. तो आणि त्याचा धाकटा भाऊ बारक्या, दोघंही परांची बांधणारे. लोखंडी नळ्यांवर पाय टेकवत विसाव्या मजल्यावर चालायचं, ही त्यांची भाकरी. त्यांच्या धंद्यात भीतीवर एकच औषध होतं. वर माणूस गारठला की त्याला समजवायचं नाही. समजावलं की तो खाली बघतो. फाडकन थोबाडीत द्यायची, फळीवर आडवा पाडायचा आणि छातीवर गुडघा रोवून रडेपर्यंत दाबून धरायचा. रडला की सुटला. थोरल्याने ह्या रीतीने चार माणसं वाचवली होती आणि त्यातल्या एकाचा दात पाडला होता. त्या माणसाने दाताबद्दल कधी तक्रार केली नाही.

विमानाची हौस दोघांनाही नव्हती. दूरच्या शहरात त्यांची मोठी बहीण, म्हणजे दाजींची बायको, इस्पितळात पडून होती. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. साऱ्या घरात जुळलं ते एकट्या बारक्याचं. उद्या सकाळी ऑपरेशन. ताईच्या तब्येतीमुळे ते दोनदा पुढे गेलं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते की आता तिच्या अंगात थांबायची ताकद नाही. तिकीट आधी बारक्याचंच काढलं होतं. पण “मी एकटा त्या डब्यात बसणार नाही” म्हणून तो अडून बसला. मग मागाहून थोरल्याचंही काढलं. जागा मिळाली ती चार रांगा मागे.

दार बंद झालं, इंजिनं घुमायला लागली आणि खालची जमीन थरथरली. बारक्याच्या तोंडचं पाणी पळालं. तुम्ही म्हणाल, विसाव्या मजल्यावर चालणारा माणूस विमानाला भितो? भितो. परांचीवर हाताला नळी असते आणि ती आपणच आवळलेली असते. इथे धरायला काही नव्हतं आणि हे कोणी आवळलंय तेही ठाऊक नव्हतं.

तो उठला. शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांड्या तुडवत गेला. आडव्या आलेल्या हवाई सुंदरीला त्याने असं ढकललं की तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. मग त्याने दाराच्या दांड्याला दोन्ही हात घातले.

थोरला तोवर पोचला होता. त्याने बारक्याला मानेला धरून फिरवला आणि फाडकन दिली. डोळे जागेवर येईनात, म्हणून दुसरी दिली. मग पायात पाय घालून त्याला मधल्या वाटेत पाडला आणि छातीवर गुडघा रोवला.

“रड! रड म्हणतो ना!”

आता हे औषध आहे, हे बाकीच्यांना कोण सांगणार? त्यांना दिसला एक रेडा, पोराच्या छातीवर बसून त्याला रडायला लावणारा. एका दाढीवाल्याने मागून येऊन थोरल्याचे केस धरले आणि त्याचं तोंड सीटच्या दांड्यावर आदळलं. थोरल्याने न बघताच कोपर मारलं. दाढीवाल्याचं नाक फुटलं, रक्ताची चिळकांडी पांढऱ्या उशीवर उडाली. मग काय, जो तो हात धुऊन घ्यायला लागला. कोणी पाठीत बुक्के घातले, कोणी करंगळी धरून मागे मोडली. ती तुटल्याचा आवाज थोरल्याला नीट ऐकू आला. तेवढ्यात एक बूट बारक्याच्या कुशीच्या रोखाने येताना दिसला आणि थोरला त्याच्या पोटावर आडवा पडला. लाथ स्वतःच्या बरगडीवर घेतली. दुसरीही घेतली. ते पोट आता बारक्याचं नव्हतंच, ते ताईचं होतं.

इंजिनं बंद झाली. दार पुन्हा उघडलं आणि तीन शिपाई दंडुके घेऊन आत आले. कपाळावर रुमाल दाबलेली हवाई सुंदरी म्हणाली, “कप्तान म्हणतायत, दोघांनाही उतरवा.”

थोरल्याचं धाबं दणाणलं. इतकी माणसं अंगावर आली तेव्हा नव्हतं दणाणलं. दोघं उतरले की ताई संपली. आणि संपवली कोणी? ह्याच हाताने.

“त्याला का उतरवता?” तो ओरडला. “मी मारलं त्याला! तो माझ्यापासून जीव वाचवायला दाराकडे पळाला. मी ओळखत पण नाही त्याला!”

“ओळखत नाही? मग मारलं कशाला?”

“मघाशी माझ्याकडे बघून हसला. डोकं फिरलं माझं.”

बारक्याला आता कुठे रडू फुटलं होतं. “दादा, काय बोलतोस तू?”

हवाई सुंदरीच्या भुवया वर गेल्या. “हे तुम्हाला दादा म्हणतायत.”

“टॅक्सीवाल्यालाही दादाच म्हणतात, बाई.”

“अहो, नाही, हा माझा सख्खा—”

थोरल्याने त्याला पुढचा शब्द बोलू दिला नाही. मूठ आवळली आणि अंगात होती नव्हती ती ताकद लावून त्याच्या तोंडावर मारली. ही औषधाची नव्हती. आजवर थोरल्याने भावाला शंभरदा मारलं असेल, पण असा शत्रूला मारावा तसा कधी नव्हता मारला. ओठ दातांपर्यंत फाटला. बारक्या रक्त गिळत त्याच्याकडे बघत राहिला आणि बघता बघता त्याला कळलं. कळल्याचं थोरल्याला दिसलं.

शिपायांनी दंडुके चालवले. एक कानशिलावर बसला, एक गुडघ्यामागे. थोरला खाली बसला तेव्हा हवाई सुंदरी बारक्याला विचारत होती, “खरं सांगा, ओळखता ह्या माणसाला?”

“नाही,” बारक्या म्हणाला. “कोण आहे कोण जाणे. घेऊन जा त्याला.”

हेच हवं होतं. तरीही थोरल्याच्या काळजात चर्र झालं, आणि दंडुक्यांपेक्षा ते जास्त दुखलं. हवाई सुंदरी बारक्याच्या ओठाला बर्फ लावत होती. “तुम्हाला उतरायचंय?” तिने विचारलं. बारक्याने मान हलवून नाही म्हटलं, जाऊन सीटवर बसला आणि पट्टा लावला. एवढं बघून थोरला फरफटत जिना उतरला.

खाली एका बिनखिडकीच्या खोलीत त्याला खुर्चीला बांधलं. खिसे उलटे करून टेबलावर ओतले. मोठा शिपाई सावकाश मारणारा होता, प्रत्येक प्रश्नाला एक. “बरोबर कोण होतं?” “कोणी नाही.” फाड. “कुठे निघाला होतास?” “फिरायला.” फाड. विमान अजून गेलं नव्हतं. इंजिनांची घरघर भिंतीतून येत होती. थोरला त्या घरघरीकडे कान लावून मार खात होता.

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर. शिपायाने तो उचलला आणि आवाज मोठा करून थोरल्याच्या तोंडापुढे धरला.

“हॅलो? मी बोलतेय रे, नर्सच्या फोनवरून.” आवाज क्षीण होता, मधेमधे धाप लागत होती. “माझा जीव थाऱ्यावर नाही. बसलात का? बारक्या—”

“राँग नंबर!” थोरला ओरडला.

“अरे, असं काय करतोस? मी—”

आणखी दोन शब्द, आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं. थोरल्याने तोंड उघडलं आणि बाईमाणसाला कोणी देऊ नये अशी शिवी तिला दिली. लहानपणापासून जिने त्याला कडेवर वागवलं होतं, तिला. दुसरी त्याहून घाण दिली. पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला. मग तिने फोन ठेवला.

बाहेर घरघर वाढत गेली, छपरावरून गडगडत गेली, टेबलावरचे कप हलले. मग ती दूर दूर होत मिटली. गेलं. बारक्या गेला.

“बायकांशी असं बोलतात?” शिपाई म्हणाला आणि त्याने सगळ्या जोरानिशी थोरल्याच्या मुस्काटात लगावली.

दिवसभरात खाल्लेल्या मारापैकी हा एकच थोरल्याला पटला. त्याने दुसरा गाल पुढे केला.