शाडूचा चौथा गोळा

यंत्रापुढे खोटं चालत नाही. हे वाक्य मी अकरावीच्या मुलांना बावीस वर्षं ऐकवलं. विनेशच्या अंगणात मी स्वतः खोटं बोललो आणि ते तीन दिवस उत्तम चाललं.

विनेश माझा जुना विद्यार्थी. आता न्हावा शेव्याला त्याचे ट्रेलर पळतात. त्याचे वडील बुधाजी गेले त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्ध हरिहरेश्वरला ठरलेलं, आणि त्याची आई सोनूबाई हटून बसलेली, की जायचं तर ह्यांच्याच गाडीतून. गाडी म्हणजे जुनी बीटल, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनातला दांडा, झिजला होता. तसाच दुसरा बसवला असता तर काम तिथेच संपलं असतं.

"बसवायचाच तर मोठ्या स्ट्रोकचा बसव," असं मी म्हणालो. मी व्हिडिओ बघितले होते.

मोठ्या स्ट्रोकमध्ये पिस्टन लांब पळतो, ताकद वाढते; पण पिस्टन क्रँकला जोडणारे रॉडही मोठा फेरा घेतात आणि इंजिनाच्या केसला, म्हणजे दोन अर्ध्या भागांच्या बाहेरच्या कवचाला, घासतात. घासेल तिथे केस कोरावी लागते. कोरून झाल्यावर जागा पुरते का हे बघायला अनंता मिस्त्रीने पेणहून येताना गणपतीचा शाडू आणला होता. चार रॉड, म्हणून केसच्या आत चार गोळे. केस मिटायची, क्रँक हाताने दोनदा फिरवायचा, परत उघडून गोळा किती दबला ते बघायचं; दबल्यावर उरेल ती जाडी म्हणजे तिथली मोकळी जागा. चारही ठिकाणी जागा पुरली.

"सर, गोळे काढायचं काम तुमचं," अनंता म्हणाला. "एक जरी आत राह्यला तर तेलाची वाट बंद. मंग थेट विसर्जन."

मी गोळे काढून पेपरावर ठेवले. जेवून आल्यावर केस कायमची मिटली, बोल्ट आवळले. हात पुसताना मी पेपराकडे बघितलं. गोळे तीन होते.

"चारी निघाले ना, सर?" अनंताने विचारलं.

"चारी," मी म्हणालो.

का म्हणालो? अनंता दमला होता, विनेश खुशीत होता, आणि मी सर होतो. पुढचे तीन दिवस ते दोघं बॅरल, हेड, पंखा चढवत होते आणि मी पाने हातात देत होतो, फार नम्रपणे. सोनूबाई चहा आणून देत. "मास्तर हाईत म्हनून हाय," असं म्हणत.

निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी बॉनेटला झेंडूचा हार घातला. विनेशने चावी लावली.

"थांब," मी म्हणालो. आणि सांगून टाकलं.

अनंताने पाना उचलला. विनेशने चावी काढून घेतली. मग म्हणाला, "सर, फिजिक्समध्ये मला दोनदा नापास केलंत, ते मी मनाला लावून घेतलं नव्हतं."

सोनूबाईंनी हार काढला, घडी घालावी तसा गुंडाळला आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या भाड्याच्या गाडीतून हरिहरेश्वरला गेल्या. अनंताने इंजिन पार उघडलं. आत गोळा नव्हता. त्याने तेलाची प्रत्येक वाट तारेने तपासली आणि माझ्याकडे बघायचंही टाळलं.

परत आल्यावर सोनूबाईंनी मला प्रसादाला बोलावलं. देव्हाऱ्यात गणपतीच्या पायाशी एक उंदीर होता. मातीचा, ओबडधोबड, जरा तेलकट.

"हा कुठला?" मी विचारलं.

"तुमी जेवाया गेलाव तवा पेपरावर पडलेली माती व्हती. गनपतीची माती, मास्तर, अशी तेलात लोळत ठेवत्यात व्हय? यकाला कान-शेपूट लावून उंदीर केला. बाकीच्या लई घान झाल्या व्हत्या."

मी अंगणातल्या अनंताला हाक मारली. त्याने उंदीर उचलला. पाठीवर रॉडच्या बोल्टचा ठसा होता. खिशातून माप काढून त्याने ठशाखालची जाडी मोजली.

दोन मिलिमीटर. जागा दीडचीही पुरते.