जिज्ञासाचा साचा

बाहुली म्हटलं की लोकांना लेसचा झगा आठवतो. वेणूला आठवायचा तो चिखल. चिनी माती पाण्यात कालवायची, जुन्या ओढणीतून पुन्हा पुन्हा गाळायची, प्लास्टरच्या साच्यात ओतायची. आतून पातळ थर धरला की उरलेला घोळ साचा उलटा करून काढून टाकायचा. मग बाहुलीच्या सुकलेल्या डोक्यावरच्या, साच्याच्या सांध्याच्या रेघा खरवडत बसायचं. खरवई गावातल्या त्या दोन खोल्यांत आमटीतसुद्धा माती यायची.

बाहुलीचा चेहरा तिच्या नवऱ्यानं, कमळाकरनं, घडवलेला. एमआयडीसीतल्या कारखान्यात हे काम तो शिकला होता. लेकीला, जिज्ञासाला, समोर बसवून त्यानं हनुवटीवरच्या खळीसकट तिचं डोकं केलं आणि त्यावरून साचा काढला. उल्हासनगरच्या दुकानदारांनी त्या बाहुल्या डोक्यावर घेतल्या. घरात मात्र एकही राहिली नाही. लेक अंगणात हुंदडत असताना तिची बाहुली कोण जपून ठेवतं?

गेल्या पावसाळ्यात जिज्ञासा तापानं गेली. वेणूनं दुकानं पालथी घातली, पण बाहुल्या कधीच विकल्या गेल्या होत्या. फोटो ढीगभर होते. फोटोतला गाल हाताला लागत नाही. आणि साचा तर वापरून वापरून झिजलेला.

"अजून एक निघंल," कमळाकर म्हणाला. "त्याच्यानंतर खळी येनार नाय. आन् नवीन घडवायला पोर समोर नको का?"

वेणूनं घोळ ओतला. थर धरला. साचा उलटा करायची वेळ झाली, पण तिचा हातच उचलेना.

"वेणू, काढ आता. जाड झालं तर आतून सुकत नाय, तुला म्हायतीय."

"असू दे जाड. अशक्तच होती माझी पोर. जरा अंग धरू दे तिला."

कमळाकरनं साचा हिसकावून घ्यायला हवा होता. पण त्याचाही जीव होईना.

डोकं निघालं ते हुबेहूब. ओल्या स्पंजानं वेणूनं त्याचे गाल पुसले, कानामागचं पुसलं, आंघोळ घालावी तसं. घरामागच्या भट्टीत तिनंच ते ठेवलं. भट्टी तापत असताना आतून फट् असा आवाज आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. भट्टी निवल्यावर तुकडे निघाले.

वेणू रडली, मग पुन्हा माती कालवायला बसली. या खेपेला घोळ तिनं अगदी वेळेवर काढला. डोकं पातळ आलं, भट्टीतूनही सुखरूप निघालं. हनुवटी गुळगुळीत होती. वेणूनं तिच्यावरून एकदा बोट फिरवलं, डोळे रंगवले आणि ते विकायच्या खोक्यात ठेवून दिलं.